ड्रेसलचे पूर्वेचे फाटक

"हलली का रे?" लेओटाने पुन्हा विचारले.

"हलली असती तर तुला दिसली नसती का, आई? समोरच तर उभी आहे," क्रेग म्हणाला. त्याने मोटारीचे इंजिन बंद केले. इतका वेळ त्याने ते उगाचच चालू ठेवले होते.

समोर खरेच दुसरे काही दिसत नव्हते. काचेपुढे लेओटाच्या नवऱ्याला, हार्लनला, घेऊन निघालेली लांब काळी शववाहिका होती आणि तिच्यापुढे मालगाडीच्या डब्यांची भिंत. धान्याचे डबे, मग तेलाच्या टाक्या, मग पुन्हा धान्याचे डबे. फाटकाचे तांबडे दिवे आळीपाळीने लुकलुकत होते आणि घंटा वाजत होती. गाडी चालत असताना घंटा वाजली तर माणूस समजू शकतो, पण उभ्या गाडीपुढे ती कुणाला सावध करत होती, देव जाणे.

"ही घंटा बंद करता येत नाही का कुणाला?" मागच्या सीटवरून अर्डिस म्हणाली. अर्डिस म्हणजे हार्लनची धाकटी बहीण. सकाळपासून रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"नाही," लेओटा म्हणाली. "गाडी असेपर्यंत ती वाजणार."

चर्च रुळांच्या उत्तरेला होते आणि दफनभूमी दक्षिणेला, टेकाडावर. चर्चमधली प्रार्थना आटोपली, शेवटचे गाणे झाले, तशी पास्टर मेगन आपल्या मोटारीने पुढे गेली. कबरीपाशी वारा फार असतो, पुस्तकाची पाने उडतात, म्हणून ती नेहमी आधी जाऊन नीट उभी राहायची जागा शोधत असे. तिची मोटार फाटक ओलांडून पलीकडे गेली, शववाहिका चर्चच्या आवारातून बाहेर वळली आणि पश्चिमेकडे जाणारी ही गाडी आली. आली आणि मंदावली. मंदावत मंदावत, एखादे म्हातारे जनावर बसावे तशी, पूर्ण थांबली.

ड्रेसलमध्ये आता थांबण्यासारखे काही उरले नव्हते. एके काळी सगळ्याच गाड्या थांबत. कंपनीने रूळ टाकले ते इंजिनातले पाणी जिथे संपे तिथे एकेक गाव मांडत मांडत. कुणा दूरच्या कचेरीत कुणीतरी कागदावर पट्टी ठेवून ड्रेसल आखले आणि ज्याच्या नावाने आखले तो ड्रेसल नावाचा साहेब इथे कधी गाडीतून उतरलासुद्धा नाही. गल्ल्या रुळांना धरून काढल्या. रूळ तिरपे, म्हणून सगळे गावच तिरपे. बाकी आयोवाभर शेते, बांध, रस्ते सगळे सरळ उत्तर-दक्षिण, आणि मध्ये ड्रेसल, ताटात वाकडी ठेवलेली सुरी असावी तसे. हार्लन शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवत असे. दर वर्षी तो सहावीच्या मुलांना फाटकापाशी नेई, हातात होकायंत्र देई आणि म्हणे, "आपण जिला उत्तर म्हणतो ती फक्त आपली उत्तर. गावाच्या बाहेर गेलात की जगाची उत्तर वेगळी, हे ध्यानात ठेवा." चर्चला कंपनीने फुकट जागा दिली ती खालच्या ओलसर अंगाला आणि टेकाडावर मका येईना म्हणून ते दफनाला सोडले. "जिवंतांना ओल आणि मेलेल्यांना कोरडी जागा," हार्लन म्हणे. मुले हसत. दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी नवी मुले.

लेओटाला तो विनोद कधीच आवडला नव्हता. आज तर अजिबात नाही.

मागे मोटारींची रांग लागली होती. सगळ्यांचे दिवे दिवसाउजेडी लावलेले. हळूहळू दारे उघडली, माणसे उतरली, कोटांच्या कॉलरी वर झाल्या. मार्च होता. ऊन होते, पण त्यात दम नव्हता. शववाहिकेतून मिस्टर लेनर्ट उतरले आणि लेओटाच्या खिडकीशी येऊन वाकले. त्यांचे वडीलही हाच धंदा करत. बाप-लेक दोघांचेही बोलणे हळू, गालिच्यावरून चालल्यासारखे.

"मिसेस व्होल्कर्ट, थोडं थांबावं लागेल असं दिसतंय."

"ते मलाही दिसतंय."

"हो, हो. अर्थातच."

"वळसा घालून नाही का जाता येणार? खालच्या पुलाखालून?" क्रेगने विचारले.

"जाता येतं. पण बर्फ वितळून त्या खडीच्या रस्त्याचा आता सगळा चिखल झालाय. मागच्या वसंतात याच गाडीला ट्रॅक्टर लावून ओढून काढावं लागलं. आत एक बाई होत्या. त्यांचं नाव मी घेत नाही."

"इर्मा," अर्डिस मागून म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे."

मिस्टर लेनर्ट पुन्हा "अर्थातच" म्हणाले आणि घड्याळाकडे न पाहिल्यासारखे करून त्यांनी घड्याळ पाहिले.

क्रेग उतरून फाटकाच्या खांबाशी गेला. तिथे कंपनीची निळी पाटी होती. तिच्यावर अडचणीच्या वेळी लावायचा फोन नंबर होता. ड्रेसलमधल्या प्रत्येकाने तो एकदा तरी लावला होता आणि मग सोडून दिला होता. क्रेग ॲरिझोनात राहत असल्यामुळे त्याला अजून आशा होती. तो फोन मोठ्या आवाजात ठेवून बोलला, म्हणून सगळ्यांनाच ऐकू गेले.

"कुणाच्या जिवाला धोका आहे का?" पलीकडची मुलगी विचारत होती. आवाज गोड होता आणि फार लांबून येत होता.

"नाही. ही अंत्ययात्रा आहे. माझे वडील..."

"म्हणजे कुणाला तातडीच्या उपचारांची गरज आहे का?"

"नाही! ते गेलेत. आम्ही त्यांना पुरायला निघालोय आणि तुमची गाडी मध्ये उभी आहे."

"मला वाईट वाटतं, सर. रुळांवर वाहन अडकलंय का?"

"नाही."

"मग मी तुमची तक्रार नोंदवून घेते. गावाचं नाव सांगाल?"

क्रेगने सांगितले. तिने ते दोनदा चुकीचे म्हटले. क्रेगने फोन खिशात टाकला आणि पाटीच्या खांबाला बुटाने ठोकर मारली. मागे कुणीतरी खोकले. मग दबक्या आवाजातली ती ओळ लेओटाच्या कानावर आली. येणार हे तिला ठाऊकच होते.

"हार्लनचा हार्लन झाला की रे!"

"शू! बायको गाडीत बसलीय त्याची."

लेओटा समोर पाहत राहिली. गळ्यातला स्कार्फ तिने सोडला आणि पुन्हा बांधला.

ड्रेसलमध्ये 'हार्लन होणे' म्हणजे फाटकापाशी अडकून पडणे. "आज उशीर का?" "हार्लन झाला." पोस्टात, बिअरच्या गुत्त्यात, चर्चच्या स्वयंपाकघरातसुद्धा लोक असे सर्रास म्हणत. लेओटा आत आली की गप्प होत. हार्लनला हे माहीत होते की नव्हते, हे तिने त्याला कधी विचारले नाही. असावे. पण तो अशा गोष्टींना हसून, चष्मा पुसून, दुसराच विषय काढणारा माणूस.

आणि चूक त्याचीच होती. हे लोकांपेक्षा लेओटाला जास्त ठाऊक होते.

गावाला पूर्वी दोन फाटके होती. एक हे, मेन स्ट्रीटवरचे. दुसरे पूर्वेच्या टोकाला, धान्याच्या कोठारांपलीकडे. शाळा बंद होऊन मुले बसने दुसऱ्या गावाला जाऊ लागली, त्या सुमाराची गोष्ट. कंपनीने जुने स्टेशन पाडायचे ठरवले. कुणी उतरत नव्हते, कुणी चढत नव्हते, छत गळत होते. हार्लन त्या दिवशी जेवला नाही. मग कंपनीचा एक माणूस आला, स्वच्छ बुटांचा. अग्निशामक बंबांच्या शेडमध्ये गावाची सभा भरली. तो माणूस म्हणाला, पूर्वेचे फाटक आम्हाला बंद करायचे आहे, सुरक्षिततेसाठी. गावाने संमती दिली तर स्टेशनची इमारत खालच्या जागेसकट गावाला देऊ.

हार्लन उठून उभा राहिला. लेओटा मागच्या खुर्चीवर बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला इतके सुंदर बोलताना ऐकले नव्हते. त्याच्या पणजोबांनी याच फलाटावर एक पेटी आणि एक बायको घेऊन पाय ठेवला, तिथपासून त्याने सुरुवात केली. युद्धाला गेलेली मुले इथूनच गेली, असे म्हणाला. रेल्वे नसती तर आपण कुणीच इथे नसतो, म्हणाला. बायका डोळे पुसू लागल्या.

तेव्हा बर्नेल क्रूस बसल्या जागेवरून म्हणाला होता, "म्हणजे रस्ता द्यायचा आणि त्याच्या बदल्यात खोपट घ्यायचं."

लोक हसले, पण हात वर झाले ते हार्लनच्या बाजूने.

घरी आल्यावर लेओटाने कोट काढता काढता विचारले होते, "आणि मेन स्ट्रीटचं फाटक अडलं तर?"

"अडेल कशानं? इथं थांबायला आता आहेच काय?" हार्लन म्हणाला होता, आणि त्याचे म्हणणे त्या दिवशी खरेही होते. मग कंपनीने गाड्या लांबवल्या. गावापेक्षा लांब, दोन गावांपेक्षा लांब. पुढच्या यार्डात जागा मिळेपर्यंत त्या इथे, उघड्यावर, वाट पाहत उभ्या राहू लागल्या. हार्लनने स्टेशनला जुन्यासारखा पिवळा रंग दिला, आत कंदील टांगले, तारायंत्र मांडले आणि रविवारी दार उघडून बसू लागला. बघायला येणार कोण? एखादे वाट चुकलेले जोडपे. तरी तो बसे. लेओटा त्याला डब्यात सँडविच देई. बर्नेलची शेते रुळांच्या दोन्ही अंगांना. नांगरणी-पेरणीच्या दिवसांत त्याचा ट्रॅक्टर तासन्‌तास या फाटकाशी अडके. हार्लनशी तो त्यानंतर हवापाण्यापलीकडे काही बोलला नाही. आज शवपेटीला हात लावायला हार्लनचा मित्र एर्नी यायचा होता, पण त्याचे कंबरेचे दुखणे उपटले, आणि अंगापिंडाने दणकट म्हणून क्रेगने चर्चच्या दारातच बर्नेलला विचारले. क्रेगला बिचाऱ्याला काय माहीत! बर्नेल "बरं" एवढेच म्हणाला होता.

आता लेओटाने आरशातून मागे पाहिले. पेटी धरणारे बाकीचे चौघे सिगारेटी ओढत उभे होते. बर्नेल दिसत नव्हता.

"बर्नेल कुठं गेला?" तिने विचारले.

अर्डिसने मान वळवली. "मघाशी कोठारांकडे चालत गेला. घरी गेला असेल. नाहीतर जेवायला."

"जाईलच."

जेवण चर्चच्या तळघरात तयार होते. हॅमची सँडविचे, चीज घालून भाजलेले बटाटे, लिंबाची जेली. बटाट्यांवर पापुद्रा धरू लागला असेल, हा विचार लेओटाच्या मनात आला आणि अशा वेळी आपल्याला बटाटे सुचावेत याचा तिला राग आला. रांगेतल्या शेवटच्या दोन मोटारी हळूच मागे वळून चर्चच्या दिशेने गेल्या. लोकांचे तरी काय चुकले? थंडी होती, पोटात भूक होती.

क्रेगचा फोन वाजला. पास्टर मेगन होती. टेकाडावरून तिला ही सगळी गंमत दिसत होती.

"आई, पास्टर म्हणतात, अजून थोडा वेळ थांबू शकतील. मग त्यांना दुसऱ्या गावी जावं लागेल, तिथंही एक अंत्यविधी आहे." एका पास्टरच्या वाट्याला आता तीन गावांची चर्चे होती. "त्या म्हणतात, नाहीच जमलं तर सोमवारी करू. तोवर लेनर्टसाहेब बाबांना परत नेऊन ठेवतील."

"सोमवारी तू कुठं असशील?"

क्रेगने फोन हाताने झाकला. त्याचे विमान उद्या सकाळचे होते.

"परत नाही न्यायचं," लेओटा म्हणाली. "एकदा दारातून बाहेर काढलेला माणूस परत नेतात का? सामान आहे का ते?"

तेवढ्यात सिगारेटवाल्यांपैकी एक जण, लॉयल, पुढे आला. टोपी हातात घेतली होती. गुत्ता त्याचाच.

"लेओटा, राग मानू नको. पोरं म्हणतायत, आपण आरपार देऊ या का?"

"काय आरपार?"

लॉयलने दोन डब्यांमधल्या फटीकडे मान हलवली.

गाडी उभी असली की ड्रेसलमध्ये वस्तू अशाच पलीकडे जात. दोन डबे जिथे एकमेकांत अडकवलेले असतात तिथे दोन्हीकडे माणसे उभी राहत आणि हातोहात देत. औषधाच्या बाटल्या, किल्ल्या, गरम भांडी फडक्यात गुंडाळून. एकदा तर वाढदिवसाचा केक गेला होता. लग्नाच्या दिवशी नवरीचे बूट गेले होते. कंपनीने नको म्हटले होते, पास्टरने नको म्हटले होते, पण लोकांना वेळेवर जायचे असते.

"सहा जण इकडून, पलीकडून कबर खणणारे चौघं पास्टरबरोबर आहेतच," लॉयल म्हणाला. "डब्यांच्या कडीवरून उचलायचा आणि सरकवायचा. एका मिनिटाचं काम."

"माझ्या भावाला? केकसारखा?" अर्डिस किंचाळली आणि पुन्हा रडू लागली.

लेओटा दार उघडून खाली उतरली. नव्या काळ्या बुटांत पाय थंड पडले होते. ती शववाहिकेच्या बाजूने पुढे गेली, फाटकाच्या आडव्या दांड्याखालून वाकून गेली, आणि गाडीच्या इतकी जवळ उभी राहिली की लोखंडाची थंडी चेहऱ्याला लागली. फटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या वर टेकाडावर उभी एक छोटी काळी आकृती. पास्टर मेगन. ती हात हलवत होती.

ही गाडी कुठल्याही क्षणी सूचना न देता हिसका देऊ शकते, हे ड्रेसलमधल्या प्रत्येक मुलाला शिकवले होते. हार्लननेच शिकवले होते. होकायंत्र दिल्यावर दुसरी गोष्ट तो हीच सांगे, आणि तेव्हा तो हसत नसे.

"नाही," ती मागे वळून म्हणाली. "इथून नाही. कडीवर असताना ओढली गाडी तर? मग गाव काय म्हणेल त्याला? आणखी काय काय म्हणायचं राहिलंय तुमचं?"

लॉयलची नजर खाली गेली. त्याने हातातली टोपी डोक्यावर घातली. घंटा वाजतच होती.

लेओटाने हातमोजा घातलेल्या मुठीने डब्यावर एक ठोसा मारला. आवाजसुद्धा आला नाही. आत मका काठोकाठ भरलेला असावा.

"घे," ती पुटपुटली, कुणाला ते तिलाच नीट कळले नाही. "घे तुझी रेल्वे. आयुष्यभर कौतुक केलंस. रविवारचे रविवार त्या खोपटात घालवलेस, घरात मी एकटी. आज एक दिवस, एकच दिवस तुला वेळेवर नेऊन पोचवावं, तर तेवढंही नाही हिच्याकडून!"

तिला रडू आले नाही. आले असते तर बरे झाले असते.

कोठारांच्या बाजूने कुणीतरी येत होते. बर्नेल क्रूस. चांगल्या सुटाच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, श्वास जड. तो थेट तिच्याकडे आला.

"शेपूट मोकळं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"गाडीचं शेपूट. कोठारांमुळे इथून दिसत नाही. शेवटचा डबा अलीकडेच संपतोय. पूर्वेच्या फाटकावर काही नाही. मी बघून आलो."

"पूर्वेला फाटक नाहीये, बर्नेल. बंद केलंय."

"रुळांमधल्या फळ्या काढल्यात, आडवा कठडा घातलाय. मोटार जायची नाही. पण सहा माणसं जातील." तो थांबला. "हातावर नेऊ."

लेओटा त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोक्यात इतका वेळ नुसता जमत असलेला राग आता एका ठिकाणी आला.

"तुला आज हेच सुचायचं होतं? तिथूनच न्यायचा त्याला? म्हणजे सगळ्या गावानं बघायला, की बघा, हेच ते याने देऊन टाकलेलं. जिरवायची आहे ना त्याची? मेल्यावर तरी सोड."

बर्नेलने टोपी काढली, आत पाहिले, पुन्हा घातली.

"जिरवायची असती तर मी जेवायला गेलो असतो," तो म्हणाला. "लेओटा, मला तुझ्या नवऱ्याचा राग आहे. आजही आहे. सकाळी उठलो तेव्हासुद्धा होता. पण माणूस वर जायला निघालाय आणि वाट एवढी एकच उघडी आहे. तू नको म्हण, मी घरी जातो."

घंटा वाजत होती. टेकाडावरची काळी आकृती आता घड्याळ पाहत होती, किंवा तसे लेओटाला वाटले.

"क्रेग," ती म्हणाली, "लेनर्टना सांग, मागचं दार उघडा."

मिस्टर लेनर्ट धावतच आले. "मिसेस व्होल्कर्ट, ती हद्द कंपनीची आहे. तिथं पाऊल टाकलं तर दंड होतो. माझ्या धंद्याचा विमा..."

"मग त्याला करा दंड," लेओटा शववाहिकेकडे बोट दाखवून म्हणाली. "भरेल तो. कंपनीवर फार माया होती त्याची."

कुणीतरी फस्सकन हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला. लेओटाने त्याच्याकडे पाहिले नाही. पण सकाळपासून पहिल्यांदाच ते हसणे तिला टोचले नाही.

सहा जणांनी पेटी बाहेर घेतली. पुढे डाव्या हाताला क्रेग, उजव्या हाताला बर्नेल. मागे लॉयल आणि इतर. रुळांच्या कडेची गल्ली अरुंद होती आणि खड्ड्यांत वितळलेले पाणी. माणसे चिखल चुकवू पाहत, मग पेटी तिरपी होई, मग बर्नेल म्हणे, "पाय बघू नका रे, सरळ चला." बुटांची आशा सगळ्यांनी सोडली. मागून अर्डिसला धरून दोन बायका, त्यांच्यामागे मोटारी तशाच उभ्या सोडून आलेले लोक. चर्चच्या तळघरातूनही काही बायका बाहेर आल्या, ॲप्रन घातलेल्या, आणि मागे चालू लागल्या.

पिवळे स्टेशन आले. क्रेगची चाल मंद झाली.

"आई, इथं जरा थांबू या का? बाबांना..."

"नको," लेओटा म्हणाली. "खूप थांबलाय तो इथं."

कोठारांना वळसा घातल्यावर गाडीचा शेवटचा डबा दिसला. पूर्वी तिथे गार्डचा डबा असायचा, माणूस हात हलवायचा. आता नुसते एक छोटे यंत्र अडकवलेले होते आणि त्याच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. त्याच्यापलीकडे मोकळे रूळ होते, उन्हात चकाकणारे. पूर्वेचे फाटक म्हणजे आता गंजका लोखंडी कठडा, दोन सिमेंटचे खांब आणि त्यांच्यामधून उगवलेले वाळके गवत.

"कठड्यावरून आधी पुढचे दोघं चढा," बर्नेल म्हणाला. "पेटी कठड्यावर टेकवायची नाही. हातातच राहू द्या. क्रेग, तुझा हात उंच घे. आणखी. हां."

पेटी कठड्यावरून गेली. क्रेगचा बूट गवतात अडकला, तो धडपडला, एक क्षण पुढचे सगळे वजन एकट्या बर्नेलवर आले आणि त्याच्या मानेच्या शिरा दोरासारख्या ताणल्या. मग क्रेग सावरला. पुढे खडी होती, सैल आणि टोकदार, मग पहिला रूळ, मग दुसरा. लेओटा कठड्याशी पोचली तेव्हा तिला मदत करायला लॉयलची बायको पुढे झाली, पण लेओटाने स्कर्ट एका हाताने गोळा केला आणि स्वतःच पाय टाकला. तिचे गुडघे दुखत. खडीवरून जाताना बूट वाकडे होत. उजवीकडे लाल दिवा लुकलुकत होता, डावीकडे रूळ दूरवर गेले होते, सरळ, पण तिरपे. ती मध्ये थांबली नाही.

सगळे पलीकडे गेले. पेटीवाले टेकाडाच्या जुन्या वाटेला लागले, तोच मागे लांब कुठेतरी, पार गावाच्या पलीकडच्या टोकाला, लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला. तो डब्यामागून डबा असा धडधडत त्यांच्याकडे आला आणि शेवटच्या डब्याला हिसका बसला. लाल दिवा हळूच सरकला.

गाडी निघाली होती.

सगळे उभे राहिले. पेटी हातात तशीच. शेवटचा डबा गावातून पार झाला, तशी मेन स्ट्रीटची घंटा थांबली आणि इतक्या वेळाने पडलेली शांतता विचित्र वाटली.

"च्यायला," बर्नेल म्हणाला. मग म्हणाला, "माफ कर, लेओटा."

"नाही. म्हण," लेओटा म्हणाली. "मीही तेच म्हणत होते."

लॉयल हसू लागला. मग क्रेग. मग अर्डिससुद्धा, हुंदके देत देत. सहा जणांचे खांदे हलले तशी पेटीही थोडी हलली.

रस्त्याच्या वळणावरून मिस्टर लेनर्टांची शववाहिका भरधाव येताना दिसली. मोकळे फाटक ओलांडून ते आले, त्यांच्यापाशी थांबले, घाईघाईने उतरले आणि मागचे दार उघडले.

"ठेवा, ठेवा आत," ते धापा टाकत म्हणाले. "सुटलो एकदाचे. आता वर मी नेतो."

माणसांनी लेओटाकडे पाहिले. बर्नेलचा चेहरा लाल झाला होता. त्याच्या हातमोज्याची शिवण उसवून आतली बोटे पांढरी पडलेली दिसत होती. टेकाडाचा चढ अजून पुढेच होता, आणि वाटेवर पाण्याचे ओघळ होते.

"दमलात का?" तिने विचारले.

"दमलो तर आहोतच," बर्नेल म्हणाला, पण पेटीची कडी सोडली नाही. कुणीच सोडली नाही.

लेओटाने टेकाडाकडे पाहिले. वर पास्टर मेगन पुस्तक छातीशी धरून उभी होती.

"मग बाजू बदला," लेओटा म्हणाली. "उजवे डावीकडे या. आणि हळू चला, मला तुमच्याबरोबर यायचंय."

त्यांनी पेटी जमिनीला न टेकवता बाजू बदलल्या. मिस्टर लेनर्ट काही क्षण उघड्या दाराशी तसेच उभे राहिले. मग त्यांनी दार आवाज न करता लावले, स्टिअरिंगमागे जाऊन बसले, आणि ती लांब काळी गाडी, दिवे लावून, रिकामी, माणसांच्या चालीने त्यांच्यामागून टेकाड चढू लागली.